ऑलिंपियाची बंदी आपल्या घरात कशाला?



गेल्या रविवारी पाठशाळा सुटल्यावर मंदिराच्या सभागृहात आपण दहा-बारा जणी बसलो होतो. विषय निघाला मुलांच्या शाळेच्या ग्रीस सहलीचा. अथेन्स, मायसिनी, एपिडॉरस, ऑलिंपिया, डेल्फी, अशी आठ दिवसांची सहल. नववी-दहावीच्या मुलांसाठी, जुने अवशेष आणि संग्रहालयं बघायची. बोलता बोलता सहज मोजलं, तर आपल्या घरांतून सहा मुलगे चाललेत आणि मुलगी एकच. त्यातही तीन घरं अशी, की भाऊ चाललाय आणि त्याच शाळेत एक इयत्ता पुढे-मागे असलेली बहीण घरी राहणार.

मी तिथे गप्प बसले. घरी येऊन मेथी निवडायला घेतली आणि माझाच मला राग आला. मोठ्यांसमोर कसं बोलायचं म्हणून आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत पोरी मोजतात. म्हणून आज लिहितेय, सरळच लिहितेय.

रविवारी कारणं निघाली ती तीन. तिथे सगळीकडे उघडे पुतळे आहेत. तिथे बळी द्यायच्या वेद्या दाखवतात. आणि खाण्यापिण्याचं काय? "मुलीच्या जातीला कशाला ते सगळं दाखवायचं?" असं एका काकूंनी म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

मला एवढंच विचारायचंय, ही कारणं खरी असतील तर मुलग्यांना का लागू नाहीत? कंदमूळ मुलानं खाल्लेलं चालतं का? उघड्या पुतळ्यासमोर मुलाचं मन बिघडत नाही आणि मुलीचंच बिघडतं का? व्रत घेताना भाऊ-बहीण शेजारी शेजारी बसले होते. मग ते पाळायची काळजी एकीचीच का?

मी हे घरात बसून ऐकीव बोलत नाही. गेल्या मे महिन्यात मोठ्या लेकीच्या वर्गाबरोबर मी पालक म्हणून गेले होते. जाताना माझ्याही मनात याच शंका होत्या. म्हणून एकेक कारण घेते.

पहिलं, उघडे पुतळे.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात शिरल्यावर थोड्याच वेळात एक तरुण समोर उभा राहतो. संगमरवरी, अंगावर सूत नाही, उंची तीन मीटरहून थोडी जास्त. सुनियोनच्या समुद्रकाठच्या देवस्थानात सापडलेला हा पुतळा. अशा पुतळ्यांना कुरोस म्हणतात. तो इ.स.पू. ६०० च्या सुमाराचा आहे, असं शिक्षक सांगत होते. माझी लेक हळूच म्हणाली, "आई, म्हणजे महावीर स्वामींचाच काळ की." खरंच. आपल्या परंपरेत भगवंतांचा जन्म इ.स.पू. ५९९ चा मानतात.

बाकीची मुलं खुसखुसत होती. आपल्या दोन्ही मुली अगदी शांत होत्या. का असतील? कुंभोजच्या बाहुबलीला त्या लहानपणापासून जातायत. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या पायऱ्या चढून ५७ फुटी मूर्तीच्या चरणांशी बसल्यायत. नग्न मूर्ती म्हणजे काय हे त्यांना आपण पाळण्यात असल्यापासून शिकवलंय. मैत्रिणींनो, उघड्या दगडाची लाज वाटायला आपण नक्की कधी शिकलो? ज्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात दिगंबर मूर्ती आहे त्यांनी तरी हे कारण पुढे करू नये.

आणि फरक होता, तोही पोरींनीच शोधला. कुरोसचा डावा पाय पुढे, मुठी वळलेल्या. आपल्या कायोत्सर्गात दोन्ही पाय सम, हात सैल सोडलेले. तिथला तरुण म्हणतो, बघा माझं शरीर किती देखणं आहे. आपली मूर्ती म्हणते, या शरीराचंही मला काही नाही. एकच नग्नता, अर्थ दोन. हा फरक मी दहा वेळा सांगून कळला नसता तो पाच मिनिटं समोर उभं राहून कळला. अनेकांत अनेकांत म्हणून आपण पाठ करून घेतो, तो असा डोळ्यांना दिसू द्या की.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. त्याच काळातल्या मुलींच्या मूर्ती, ज्यांना कोरे म्हणतात, त्या अक्रोपोलिस संग्रहालयात आहेत. त्या सगळ्या नखशिखांत कपड्यांत, वेण्या घातलेल्या, दागिने ल्यालेल्या. मुलगा उघडा फिरला तरी तो वीर, मुलगी मात्र झाकलेली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सचा हा कायदा. आपल्या सभागृहात रविवारी याहून वेगळं काय बोललं गेलं?

दुसरं कारण, बळीच्या वेद्या. हे कारण मात्र मी हलक्यात घेत नाही.

ऑलिंपियात झ्यूसच्या देवळापासून थोड्या अंतरावर एक मोकळी जागा आहे. तिथे आता काहीच नाही. पूर्वी तिथे झ्यूसची मोठी वेदी होती. दगडाची नाही, राखेची. बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्या जाळून उरलेली राख वर्षानुवर्षं रचत नेलेली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानियस नावाचा प्रवासी तिथे गेला होता. त्यानं तिची उंची २२ फूट लिहून ठेवली आहे. खेळांच्या उत्सवात तिथे एका दिवशी शंभर बैल मारत. आमचा गाईड त्या जागेवरून बोलत बोलत पुढे निघून गेला. कुठल्या खेळाडूनं काय जिंकलं ते सांगत होता. मी मुलांना थांबवलं आणि सांगितलं, इथे काय व्हायचं ते.

पार्थेनॉनचंही तसंच. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या वर्षांत बांधलेलं ते देऊळ सगळं जग डोळे भरून बघतं. त्याच्यावर १६० मीटर लांबीचा कोरलेला पट्टा होता. त्यात अथीना देवीच्या उत्सवाची मिरवणूक आहे. घोडेस्वार, पाणी वाहणारे, वाद्यं वाजवणारे, आणि त्यांच्यामध्ये दोरीनं ओढत नेलेल्या गाई. पट्ट्याचा मोठा भाग लंडनला गेलाय, म्हणून अथेन्सच्या संग्रहालयात कित्येक जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती बसवल्यात. त्यातली एक गाय मान वर करून हंबरतेय. माझी लेक तिच्यासमोरून हलेना. गाईडबाई लोकशाहीबद्दल बोलत होत्या, आणि ही त्या गाईकडे बघत होती.

आता सांगा, हे तिनं बघू नये असं तुम्हाला वाटतं? मला वाटतं हे तिनं बघितलंच पाहिजे. अहिंसा म्हणजे हिंसा दिसली की डोळे मिटणं नव्हे. सगळं जग जिला सुंदर म्हणतं त्या कोरीवकामात एक मरायला निघालेला जीव आहे, हे ज्या पोरीला आपोआप दिसतं, तिच्यावर तुमचे संस्कार झालेत. दिसू न देता ते संस्कार झाले की नाही हे तुम्हाला कळणार तरी कसं?

आणि दुसरी बाजूही मुलांना सांगायची असते. ती सांगायला आम्हा पालकांशिवाय कोणी नव्हतं. मारू नका म्हणणारे त्याच ग्रीकांमध्येही होते. भूमितीत ज्याचा सिद्धांत पोरं घोकतात त्या पायथागोरसच्या पंथाशी मांसत्याग जोडलेला आहे. इतका, की १९व्या शतकात 'व्हेजिटेरियन' हा शब्द रूढ होण्याआधी युरोपात मांस न खाण्याला पायथागोरसचा आहार म्हणत. एम्पेडोक्लीज नावाच्या तत्त्वज्ञानं इ.स.पू. पाचव्या शतकात बळींचा धिक्कार केला. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस, आणि पुढे कित्येक शतकांनी पॉर्फिरी, यांनी पशुबळीच्या विरोधात ग्रंथ लिहिले. त्यांचं ऐकलं नाही लोकांनी, हे खरं. पण ते एकटे पडले तरी बोलले. परदेशी वसतिगृहात एखाद्या दिवशी एकटी ताट बाजूला सारणार आहे ना आपली मुलगी, तिला हे माहीत असू दे.

तिसरं, खाणं. याला कारण म्हणू नका, याला काम म्हणा. आणि काम आपल्याला येतं.

ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास भरपूर असतात. बुधवार, शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे कित्येक दिवस. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी काही खात नाहीत. त्या जेवणाला ते 'निस्तिसिमो' म्हणतात. हॉटेलात हा शब्द लगेच कळतो. पण सावध राहा. त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. तेव्हा तेही नको, असं वेगळं सांगावं लागतं. 'होर्ता' म्हणजे उकडलेली पालेभाजी, वरून लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. ती आपल्याला उत्तम. मोठे पांढरे वाल, वाटाण्यासारखी पिवळी डाळ, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात हेही मिळतं, पण बहुतेक ठिकाणी त्यात कांदा असतो, तो आधी विचारायचा. दह्यावर मध घालून देतात, तो न घालता मागायचा. फेटा चीजमध्ये कोकराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, म्हणून ते नकोच. आम्ही दशम्या, खाकरे, मेतकूट, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पाणी गाळायचं फडकं प्रत्येकीच्या पिशवीत होतं.

आणि रात्रिभोजन? मे महिन्यात अथेन्सला सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो. तिथल्या लोकांची जेवायची वेळ त्यानंतरची, म्हणून हॉटेलला सात वाजताचं जेवण आधी कळवायचं. आम्ही कळवलं, मिळालं. आठ दिवसांत एकीचाही नेम मोडला नाही. मोडला तो एका मुलाचा, विमानतळावर, बर्गरच्या दुकानात. नाव सांगत नाही, त्याच्या आईला माहीत आहे.

म्हणजे तिन्ही कारणं तपासली तर त्यांत मुलीला घरी ठेवण्यासारखं काही उरत नाही. मग खरं कारण काय? ते रविवारी कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलाला पुढे उपयोग होईल, मुलगी काय, उद्या लग्न होऊन जाणार. तिच्यावर एवढा खर्च कशाला? आणि आठ दिवस बाहेर राहिली तर लोक काय म्हणतील?

म्हणूनच मला ऑलिंपियाची आठवण आली.

जुन्या ऑलिंपिक खेळांत बायकांनी भाग घ्यायचा नाही हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण लग्न झालेल्या बाईनं खेळ नुसते बघायलाही यायचं नाही, असा नियम होता. पकडली गेली तर जवळच्या डोंगराच्या कड्यावरून ढकलून द्यायची शिक्षा पॉसानियसनं लिहिली आहे. फक्त डिमीटर देवीच्या पुजारणीला बसायची परवानगी होती. आया, बहिणी, बायका घरी. मुलगा पळणार आणि ज्या आईनं त्याला वाढवलं तिला ते दिसणारसुद्धा नाही.

तरीही बायकांनी वाट काढली. हेरा देवीच्या नावानं कुमारिकांच्या वेगळ्या शर्यती त्याच मैदानात होत. त्यांच्यासाठी अंतर मात्र एक षष्ठांश कमी केलेलं. आणि स्पार्टाची राजकन्या किनिस्का हिनं इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये चार घोड्यांच्या रथाची शर्यत जिंकली. तिथे जिंकल्याचा मान घोड्यांच्या मालकाला मिळे, म्हणून तिचं नाव विजेत्यांत लागलं. तिच्या स्मारकाचा, तिचा लेख कोरलेला दगड ऑलिंपियात सापडलाय.

त्या मैदानात आजही दगडी सुरुवातीची रेघ आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १९२ मीटर. येणारी सगळी पोरं तिथे धावतातच. आमच्या गटातले मुलगे आधी धावले. मग लेकीनं बूट घट्ट बांधले आणि मैत्रिणीचा हात धरून त्या रेघेवर उभी राहिली. ऊन चढलं होतं. मी कडेच्या गवताच्या उतारावर बसले होते, जिथे एकेकाळी माझ्यासारखीला पाय ठेवायची बंदी होती. ती अख्खं अंतर धावली. पाच भाग नाही, सगळे सहा. पलीकडे पोचून तिनं हात वर केला तेव्हा माझे डोळे भरले होते, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय.

आणि तुमच्या घरातला मुलगा यंदा त्या रेघेवर धावेल, संध्याकाळी घरी फोटो पाठवेल. त्याची बहीण मोबाईलवर ते फोटो बघेल. तो ग्रीकांचा नियम केव्हाच मातीत गेला. आज तर ऑलिंपिकची ज्योत तिथेच, हेरा देवीच्या देवळापुढे, बायकाच पेटवतात. तो नियम आपण आपल्या घरात का चालवतोय?

आता पैशांचं. सहल महाग आहे, हे मी नाकारत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी कर्ज काढून अजिबात पाठवू नये. परिग्रह-परिमाण आपलंच व्रत आहे. दोघांतल्या एकालाच पाठवता येत असेल, तर दोघांना समोर बसवून ठरवा. कोणाला इतिहासाची खरी ओढ आहे ते विचारा. एक यंदा, दुसरं पुढच्या वर्षी, असंही होतं. 'तो मुलगा' हे उत्तर मात्र आधीच तयार ठेवू नका. आणि कोणालाच पाठवता येत नसेल तर रविवारी कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये न्या. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आहे. समुद्र ओलांडून तो देव आपल्या गावापर्यंत आला होता. मुलांना हे माहीत नसतं, कारण आपल्यालाच माहीत नसतं.

शाळेलाही थोडं सुनावायचंय. गेल्या वर्षी डेल्फीला दीड तास दिला आणि वाटेतल्या भेटवस्तूंच्या दुकानाला एक तास. डेल्फीच्या देवळावर 'स्वतःला ओळख' आणि 'अति करू नकोस' या अर्थाची वचनं कोरलेली होती असं जुने लेखक सांगतात. आपल्या पाठशाळेत शोभावीत अशी. तिथे पोरं पाच मिनिटं शांत बसली असती तर काय बिघडलं असतं? तेव्हा पालकसभेत सगळ्या मिळून मागूया. दुकानं कमी, जागा जास्त. तारखा ठरवताना ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे ते बघा. त्या रविवारी गावोगावी अख्खी कोकरं भाजतात. भर उन्हाळा टाळा, अलीकडे उष्णतेच्या लाटेत दुपारी अक्रोपोलिस बंद ठेवावं लागलंय. आणि सोबत शिक्षिका हव्यातच.

मुलांनाही तीन गोष्टी बजावून पाठवा, मुलगा असो की मुलगी. अवशेषांतला खड्याएवढा तुकडाही खिशात घालायचा नाही. तिथे तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे अचौर्य व्रताचा भंग. अथेन्सच्या बाजारात चामड्याच्या चपला फार सुरेख मिळतात, त्या आणायच्या नाहीत. आणि प्रत्येक जागी स्वतःला विचारायचं, इथे कोणाला आत यायची परवानगी नव्हती?

शेवटचं. आदिनाथ भगवंतांची गोष्ट आपण सगळ्या मुलांना सांगतो. त्यांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले. दोघी त्यांच्या मुली होत्या. पहिल्या तीर्थंकरांनी विद्या देताना मुली उद्या कुठे जाणार याचा हिशेब केला नव्हता. हे आपण पाठशाळेत शिकवायचं आणि बाहेर सभागृहात येऊन मान हलवायची, हे बरं नाही.

सहलीचे अर्ज द्यायला अजून दहा दिवस आहेत. घरी जाऊन मुलीला नुसतं विचारा, तुला जायचंय का? ती काय म्हणते ते ऐका. खाण्याची यादी, हॉटेलला काय कळवायचं, सगळं मी लिहून देईन. दशम्या आपण मिळून करू.

बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण मुद्दा मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.